मॅडम, तुम्ही ‘ओळख आहे’ का म्हणालात?

सोनवणे मॅडम, आधी तुमचं नाव. मग काय झालं ते.

माझी आई कुठलीही गोष्ट अशीच सांगते. विहिरीत पडलेलं वासरू कसं निघालं हे सांगायच्या आधी ती दोर कुणी टाकला त्याचं नाव घेणार, त्याच्या बापाचं घेणार, मग सावकाश वासराकडे येणार. ऐकणारा वैतागतो. पण आज मला तसंच करायचंय. हिंगोलीकडच्या, आठवीत शाळा सोडलेल्या दत्ताला कल्याणच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभं केलं ते सोनवणे मॅडमनी. हातातला रंगाचा ब्रश काढून पिपेट दिलं ते सोनवणे मॅडमनी. शाळेत न जाता बाहेरून दहावी देता येते, त्याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात, हे सांगितलं, आणि दुपारच्या सुट्टीत तराजूच्या खोलीत बसवून गणितं करून घेतली, तीही सोनवणे मॅडमनी. घेतलं नाव.

आता काय झालं ते. तुम्ही गेलात. आणि येत्या मंगळवारी प्रयोगशाळा परिचराच्या जागेची मुलाखत पुन्हा लागलीय.

या दोन गोष्टी एकाच आठवड्यात कळल्या आणि शांताराममामांनी त्या एकमेकींना जोडून टाकल्या. आपले हेड शिपाई ते, जिथं दोन माणसं उभी तिथं तिसरे. लॅबच्या दारात आले, टोपी काढली आणि म्हणाले, “वाईट झालं रं बाला. पन एक सांगतो, राग मानू नको. आता तुझा रस्ता मोकला झाला.”

“म्हणजे?”

“म्हंजे आता कमिटीत ‘ओलख हाय’ म्हनून उठनारा कोन नाय.”

माझ्या हातात धुतलेल्या टेस्ट ट्यूबचा स्टँड होता. तो त्यांच्या अंगावर फेकावा असं वाटलं. मग दिसलं की मामांचे डोळे लाल आहेत. स्टँड जागेवर ठेवला.

मॅडम, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला मी आलेलो. कोळसेवाडीतला तो हॉल भरलेला. तुमच्या विद्यार्थिनी, वस्तीतल्या बायका, आपले प्राचार्य. वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. तुमच्या भावानं माइकवरून पुकारलं, “आता ताईंच्या प्रयोगशाळेतले दत्ता. या, आपली ओळख सांगा आणि दोन शब्द बोला.” मी उठलो. माइक हातात आला. आपली ओळख सांगा. मॅडम, या शब्दानं माझं काय काय केलंय ते त्या माणसाला काय माहीत. मी म्हणालो, “मी लॅबमध्ये असतो,” आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, रडू आलं असेल. रडू नव्हतं, राग होता. तुमच्यावरचा. मेलेल्या माणसावर रागावलेलं कुणाला सांगायचं? म्हणून तुम्हालाच लिहितोय.

पहिला दिवस तुम्हाला आठवत होता की नाही, कधी विचारलं नाही. मी ठेकेदाराबरोबर लॅबच्या भिंती रंगवायला आलेलो. तुम्ही आत आलात, सुती साडी आणि खाली कापडी बूट. मला हसू आलं. तुम्ही ते पाहिलंत. “हसू नकोस, पायातल्या त्या सपातीवर अ‍ॅसिड सांडलं की कळेल.” मग बाटल्या हलवायला सांगितल्यात आणि मी त्या कपाटात उंचीप्रमाणे लावल्या, लहान पुढे, मोठ्या मागे. तुम्ही कपाळाला हात लावलात. “अरे, हा शाळेतला ग्रुप फोटो आहे का?” आणि मग विचारलंत, “शाळा कितवी?”

“आठवीतून सुटली.”

“शाळा सुटत नसते, आपण सोडतो. सोडली असशील तर परत धर.”

एवढं सोपं कुणी बोललं नव्हतं. गावात म्हणायचे, नशीब. टिटवाळ्याच्या साइटवर म्हणायचे, बरं झालं, शिकून तरी काय. तुम्ही ‘धर’ म्हणालात, जसं काही शाळा म्हणजे टेबलाच्या कडेवरून पडायला आलेली बरणी.

मग मी कंत्राटावर लॅबमध्ये लागलो. एजन्सी बदलली की गळ्यातलं कार्ड बदलायचं, काम तेच. दुपारी तुम्ही तराजूच्या खोलीत पंखा बंद करायचात, कारण वाऱ्यानं तराजू हलतो, आणि त्या उकाड्यात मला समीकरणं घालायचात. मी ‘लई अवघड हाय’ म्हणालो की तुम्ही माझी नक्कल करून म्हणायचात, “लई सोपं हाय, पाटी पुढं घे.” मग डबा. डब्यात सुकट असली की आधी झाकण लावून मला विचारायचात, “वास चालेल ना?” आमच्याकडे नदीला मासा मिळाला तर सण. वास चालेल ना, काय विचारता!

गावाकडे फोनवर हे सगळं आईला सांगायचो. आईनं गावभर केलं. “माझ्या पोराची कालेजात मोठी ओळख हाय.” मी सांगायचो, आई, तसली ओळख नाही ती. “तसली म्हंजे कसली? बाई जेवू घालती का नाही? मग झालं की.” आईच्या भाषेत ओळख म्हणजे एकच गोष्ट. तालुक्याला काम असलं की पहिला प्रश्न, ओळख आहे का कुणाची? दवाखान्यात, तहसीलमध्ये, पोराच्या हॉस्टेलला. ज्याची ओळख त्याचं काम. आमच्या घराची कुठंच नव्हती. आता झाली, तीही थेट विभागप्रमुखाशी, असं तिला वाटायचं.

खोटं कशाला बोलू, मलाही वाटायचं.

दहावी झाली आणि पुढच्याच वर्षी परिचराच्या जागेची जाहिरात आली. परमनंट. मी अर्ज केला. निवड समितीत प्राचार्य, संस्थेचे एक प्रतिनिधी, आणि विभागप्रमुख म्हणून तुम्ही. मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही पाचसहा जण. वासिंदची एक मुलगी मैत्रिणीचे सँडल घालून आलेली, तिचे पाय सोललेले. अंबरनाथचा एक टायवाला. मला घाम सुटलेला, तरी आतून निवांत होतो. आत मॅडम आहेत ना.

आत काय झालं ते मला शांताराममामांकडून कळलं, ते चहा द्यायला आत होते. कामकाज सुरू व्हायच्या आधी प्राचार्यांनी नियम वाचला. नवीन आलेला. कुणाही सदस्याचं उमेदवाराशी नातं, हितसंबंध किंवा निकटची ओळख असल्यास तसं सांगून सदस्यानं कामकाजातून बाजूला व्हावं. वाचायचं म्हणून वाचला. पान उलटणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “आहे.”

“काय आहे?” प्राचार्यांनी विचारलं.

“ओळख आहे. दत्ताशी.”

“मॅडम, हाताखाली काम करतो त्याला काय ओळख म्हणतात का?”

“रोज दुपारी माझ्या डब्यातली भाजी खातो तो, सर. ह्याला ओळख म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?”

आणि पर्स उचलून तुम्ही उठलात. प्रतिनिधी साहेब हसले म्हणे. त्यांनाही तोच प्रश्न होता, त्यांनी ‘नाही’ सांगितलं. मामा मला म्हणाले, “जल्ला, तो टायवाला सकाली त्यांच्याच गारीतून उतरला. दरवाजा मीच उघरला. पन मना कोन इचारतंय? मी चायवाला.”

दार उघडलं, तुम्ही बाहेर आलात. आमच्या बाकासमोरून गेलात आणि माझ्याकडे पाहिलं नाहीत. तेही नियमात होतं का हो?

पुढची गंमत तर तेव्हा तुम्हालाही ठाऊक नव्हती. तुम्ही उठलात आणि तिघांत उरले दोन. विभागप्रमुखाशिवाय समिती पूर्ण होत नाही. बाजूला झालेल्या सदस्याच्या जागी कुणाला बसवायचं हे त्या नियमात कुणी लिहिलेलंच नव्हतं. प्राचार्यांनी फोन केले, संस्थेत, मग वरच्या ऑफिसात. चहा परत झाला. शेवटी मामांनी बाहेर येऊन सांगितलं, मुलाखती रद्द. घरी जा.

“का पण?” वासिंदच्या मुलीनं विचारलं.

“एका उमेदवाराची आत ओलख निघाली.”

“कोण तो?” ती बाकावर सगळ्यांकडे बघत म्हणाली. “मेला, आत ओळख आहे तर घरीच द्यायची ना ऑर्डर. आम्हाला कशाला फिरवता?” सँडल हातात घेऊन ती अनवाणी गेली. आणि मी त्या बाकावर, आयुष्यात पहिल्यांदा ओळख असलेला माणूस.

दुसऱ्या दिवशीचं भांडण तुम्ही विसरला नसाल. मी पिपेट धूत होतो.

“चिडलास?”

“नाही.”

“मग ती काच कशाला आपटतोयस? कॉलेजची आहे, माझी नाही.”

“मॅडम, तुम्ही नाही म्हणाला असता तर काय झालं असतं?”

“तुला नोकरी लागली असती.”

“मग?”

“मग जन्मभर लोक म्हणाले असते, सोनवणेबाईंचा माणूस.”

“म्हणू दे की. आहेच मी.”

त्यावर तुम्ही स्टूल ओढलंत. मग बसून मला टायट्रेशनचं, थेंबाथेंबानं द्रावण मोजायच्या प्रयोगाचं, सांगू लागलात, जसं मला ते माहीतच नव्हतं. ज्या मुलाला बाटलीतल्या द्रावणाचं उत्तर आधीच कळलंय त्याला तुम्ही ती बाटली कधी देत नव्हतात. तो मुद्दाम खोटं लिहील म्हणून नाही. “उत्तर माहीत असलं की डोळा तिकडे सरकतो, दत्ता. प्रामाणिक माणसाचाही सरकतो. माझा तुझ्याकडे सरकला असता. मग त्या सँडलवाल्या मुलीचं रीडिंग कुणी घेतलं असतं?”

म्हणजे तुम्ही तिला पाहिलं होतंत. माझ्याकडे न बघता तिचे पाय पाहिले होतेत.

मी म्हणालो, “मी काय द्रावण आहे का?” तुम्ही हसलात. मी नाही हसलो. त्या दिवशी तुमच्या डब्यातलं खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी खाल्लं, तुम्ही झाकण माझ्यापुढं सरकवलंत म्हणून. पण ते भांडण तिथंच राहिलं, झाकण न लावलेलं.

आणि मग सुरू झाला तो पत्रव्यवहार. समितीत बदली सदस्य चालेल का, विचारणा. उत्तर नाही. स्मरणपत्र. मग उत्तर आलं की जागेची मंजुरीच संपली, नव्यानं घ्या. नवीन मंजुरीला आरक्षणाची तपासणी पुन्हा. ती झाली तर जाहिरातीत पदाचं नाव चुकलं, शुद्धिपत्रक. मॅडम, एवढ्या वेळात एजन्सी दोनदा बदलली, माझ्या गळ्यात दोन नवी कार्डं आली. आई फोनवर विचारायची, “बाईनी शब्द टाकला का?” काय सांगणार तिला? की बाईंनी एकच शब्द टाकला, ‘आहे’, आणि त्यानं सगळं कोसळलं? आईला हे कळेल अशा भाषेत सांगायची सोयच नाही. ओळख असल्यामुळे काम झालं नाही, हे वाक्य आमच्या गावात कुणी बोललेलं नाही.

प्रत्येक पत्राची वार्ता आली की तुम्ही म्हणायचात, “होईल रे.” मी म्हणायचो, “नियमानं होईल ना?” तुम्ही म्हणायचात, “टोमणा कळला.” बस, एवढंच आपलं बोलणं त्या विषयावर.

मग तुमचा ताप, खोकला, आणि एकदम आयसीयू. मी कॉलेजमधून सुटून तसाच आलेलो. दारावरच्या सिक्युरिटीवाल्यानं हात आडवा केला.

“पेशंटचे कोण?”

“सोनवणे मॅडमना भेटायचंय.”

“ते कळलं. नातेवाईक?”

“नाही.”

“मग कोण?”

मॅडम, तोंडातून निघून गेलं, “ओळखीचा.”

“ओळखीच्यांना आत नाही सोडत. बाहेर बसा.”

मी बाहेरच्या खुर्चीवर बसलो आणि मला वेड्यासारखं हसू यायला लागलं. एका दारातून ओळख आहे म्हणून तुम्ही बाहेर. दुसऱ्या दारातून ओळख आहे म्हणून मी बाहेर. आणि आत कोण? डोळे मिटून पडलेल्या तुम्ही, आणि तुम्हाला आधी कधी न पाहिलेले डॉक्टर. ते चांगलेच असतील. तुम्हीच म्हणाल, त्यांचा डोळा कुणाकडे सरकत नाही.

आणि तिथं, त्या खुर्चीवर, मला तुमच्या टायट्रेशनचं उत्तर सुचलं. इतका उशीर.

तुमच्या लॅबमधला दुसरा नियम आठवला. लेबल नसलेली बाटली विष समजायची आणि ओतून टाकायची. एकदा मी डिस्टिल्ड वॉटर भरून ठेवलेलं, लेबल राहिलं. तुम्ही म्हणालात, ओत. मी म्हणालो, मॅडम, मीच भरलंय, मला माहितंय, पाणी आहे. तुम्ही म्हणालात, “तुला माहीत आहे, बाटलीवर लिहिलेलं नाही. उद्या तू इथं नसलास तर कोण सांगणार आत काय आहे?” आणि मी ते चांगलं पाणी बेसिनमध्ये ओतलं.

मॅडम, उद्या तुम्ही नसलात तर कोण सांगणार होतं, दत्ताच्या आत काय आहे?

हे मला तुम्हाला विचारायचं होतं. डोळा सरकतो, मान्य. मार्क तुम्ही देऊ नका, मान्य. बाहेर जा, तेही मान्य, त्या वासिंदच्या मुलीसाठी मान्य. पण त्या नियमात फक्त एवढंच आहे की ओळख असेल तर उठा. काय ओळख आहे, हे कुणी विचारत नाही. जो माणूस ओळखतो त्यानं तोंड मिटून निघून जायचं, आणि जे ओळखत नाहीत त्यांनी ठरवायचं. आणि जो ओळखून ‘नाही’ म्हणतो तो खुर्चीवर बसून राहतो, वर दुसरा चहा घेतो. ह्याला तुम्ही बरोबर रीडिंग म्हणता? तुम्ही दोन वाक्यं बोलून उठला असतात तर, एवढंच माझं म्हणणं. तुम्ही दारातून कितीदा तरी परत यायचात, छत्री विसरली म्हणून, चष्मा विसरला म्हणून. त्या दिवशी मात्र सरळ निघून गेलात.

मला माहितंय तुम्ही काय उत्तर दिलं असतंत. “मुद्दा आहे,” म्हणाला असता. आणि मग म्हणाला असता, “पण बाटली स्वतः बोलू शकत नाही. तू बोलू शकतोस.” बघा, तुमच्या बाजूनंही मलाच भांडावं लागतंय आता. भांडणाला दोघं लागतात हो.

चार दिवसांपूर्वी मी ऑफिसात अर्ज द्यायला गेलो. खिडकीतले क्लार्क एकेक रकाना वाचून स्वतःच भरत होते, माझं अक्षर त्यांना लागत नाही म्हणे. नवीन नियमात आता उमेदवारालाही विचारतात.

“संस्थेत कुणाशी नातं किंवा निकटची ओळख? नाही ना?”

“आहे.”

त्यांनी पेन थांबवलं. “कुणाशी?”

“सोनवणे मॅडम.”

“अरे, त्या गेल्या ना.”

“हो.”

“मग नाही लिहितो. कशाला उगाच, मागच्या खेपेचा राडा माहितंय ना?”

मागे शांताराममामा उभे होतेच. म्हणाले, “दत्ता, येरा झालास काय? नाय म्हन.”

“आहे लिहा,” मी म्हणालो.

“मुलाखतीत विचारतील, हं. काय ओळख म्हणून.”

“विचारू द्या.”

हेच तर हवंय, मॅडम. कुणीतरी विचारू दे एकदा. माइकवर मला जमलं नाही, तिथं जमवीन. घाबरणार तर आहेच, ‘लई’ निघून जाईल तोंडातून. पण सांगेन. की त्यांनी मला शाळा परत धरायला लावली. की लेबल न लावलेलं पाणी ओतायला लावलं आणि ते बरोबर होतं. की माझ्यासाठी खोटं बोलणं त्यांना सहज जमलं असतं आणि त्या बोलल्या नाहीत, त्याचा मला अजून राग आहे. हा राग आहे ही माझी ओळख. लिहून घ्या.

मग नोकरी लागेल की टायवाल्याला लागेल, मला माहीत नाही. आईला मी सांगितलंय, वाट बघ. ती म्हणाली, “आता तर ओळख बी ऱ्हायली नाही रे.” तिला म्हटलं, आहे.

एक राहिलंय. तुम्ही माझ्याकडून कधी काही घेतलं नाहीत. दहावीचे पेढे आणले तेही लॅबभर वाटून टाकलेत, स्वतः अर्धा खाल्लात. तेव्हा परतफेड कशी करायची ते मी ठरवलंय, तुम्हाला विचारत नाही. कधीतरी, या मंगळवारी नाही तर पुढच्या कुठल्या तरी खेपेला, मी इथं परमनंट होईन. केस पिकतील. कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून मला त्या खोलीत खुर्ची मिळेल. बाहेरच्या बाकावर कुणीतरी घाम पुसत बसलेलं असेल, जिनं किंवा ज्यानं रोज दुपारी माझ्या डब्यातलं खाल्लं असेल. अध्यक्ष नियम वाचतील. मी म्हणेन, आहे. आणि उठेन, तुम्ही उठलात तसाच. पण दाराला हात लावायच्या आधी, मॅडम, मी वळेन, आणि आत काय आहे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन. लेबल लावेन, मगच बाहेर जाईन. तुमचं एवढं देणं माझ्याकडे आहे, आणि ते मी देणार.